कव्हर लेटरमध्ये अडीच वर्षांची गॅप कशी लिहू? बीएस्सी मायक्रो, यावल

मृगबाग_यावल:

नमस्कार सगळ्यांना. मी यावल तालुक्यातली, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, 2022 ला पास झाले. जळगाव एमआयडीसीत एका फळप्रक्रिया कंपनीत क्वालिटी असिस्टंटची जागा निघालीय, केळीची प्युरी आणि आंब्याचा पल्प करतात ते लोक. जाहिरातीत लिहिलंय की रेझ्युमेसोबत कव्हर लेटर पाठवा, अनुभव 0 ते 2 वर्ष, लॅबची बेसिक माहिती हवी आणि रेकॉर्ड नीट ठेवता आले पाहिजेत. शेवटची तारीख शनिवार.

माझी अडचण अशी की पास झाल्यापासून मी नोकरीच केलेली नाही. रिझल्ट लागला आणि त्याच पावसाळ्यात आमच्या केळीवर सीएमव्ही हा व्हायरसचा रोग आला, आपल्याकडे हरण्या म्हणतात तो, आणि नेमकं तेव्हाच पप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, भाऊ बारावीला, मग बाग कोण बघणार, मीच. चार एकर, साडेपाच हजार खोड. एक वर्ष बघू म्हणता म्हणता अडीच वर्ष गेली. आता पप्पा बरे आहेत, भाऊ पण हाताशी आलाय, तर मला माझ्या शिक्षणाचं काम करायचंय. मनापासून करायचंय.

आत्तापर्यंत तीसेक ठिकाणी मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. लेटर नेटवरून घेतलं होतं, तेच सगळीकडे पाठवलं. त्यात "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युवर ॲडव्हर्टाइजमेंट" असं सुरू होतं आणि मग मी हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेयर वगैरे. गॅपबद्दल एक शब्द नाही. आता या जागेसाठी तरी नीट लिहावं म्हणते. गॅप लिहू की नको? शेती केली असं लिहिलं तर लॅबवाले काय समजतील? आणि अनुभवाचं सर्टिफिकेट कुठून आणू, बाग तर पप्पांच्या नावावर आहे.

भुसावळ_जंक्शन:

ताई, मी रेल्वेत आहे, आमच्याकडे फॉर्म आणि परीक्षा, कव्हर लेटर हा प्रकारच नाही, त्यामुळे प्रायव्हेटचं मला खात्रीने सांगता येणार नाही. पण माझं मत, गॅपचं स्वतःहून काढू नको. इंटरव्ह्यूला विचारलं की सांगायचं. आधीच कमीपणा कशाला घ्यायचा.

एमआयडीसी_एचआर:

भुसावळवाल्या दादांच्या मताचा आदर आहे पण मी वेगळं सांगेन. अकरा वर्ष झाली मला याच कामात, जळगावात आधी पाइपच्या कारखान्यात आणि आता फूडमध्ये.

गॅप लपतच नाही गं. रेझ्युमेवर 2022 दिसतं, खाली अनुभवाची जागा रिकामी दिसते, दोन सेकंदाचं काम आहे. तू काही लिहिलं नाहीस तर वाचणारा स्वतःच्या मनाने कारण लावतो, आणि मनाने लावलेलं कारण कधी चांगलं नसतं. लग्न ठरलं असेल, स्पर्धा परीक्षा देत असेल, चार महिन्यांनी सोडून जाईल, असलं काहीतरी. त्यापेक्षा एका वाक्यात तूच सांगून टाक आणि पुढे जा. एकच वाक्य बरं का. ऑपरेशनची तारीख, दवाखाना, आईची तब्येत, हे काही नको.

आता आमच्या बाजूने काय होतं ते सांगते. एका जागेला शंभरच्या वर मेल येतात. मी सकाळी बसमध्ये फोनवर उघडते, त्यामुळे पहिल्या दोन ओळी जेवढ्या दिसतात तेवढ्यावर ठरतं की हा मेल ऑफिसला जाऊन परत उघडायचा की नाही. त्या दोन ओळींत बहुतेकांचं "विथ रेफरन्स टू" आणि "आय वुड लाइक टू अप्लाय" एवढंच असतं. शंभरात नव्वद जण हार्डवर्किंग असतात. तू पण खरंच असशील, पण मला त्यावरून तू वेगळी कशी ओळखू येणार?

मला फक्त एवढं कळायला हवं की आमच्या कामाला लागतं असं काहीतरी या माणसाने कधीतरी हाताने केलंय. जाहिरातीत त्यांनी रेकॉर्डचं मुद्दाम लिहिलंय ना, ते उगीच नाही. फूड कंपनीत अर्धी क्वालिटी म्हणजे नोंद. कुठली बॅच, किती वाजता सॅम्पल काढलं, ब्रिक्स म्हणजे साखर किती, पीएच किती, कोणी बघितलं. मुलं टेस्ट शिकतात लवकर, नोंद ठेवायची सवय लागत नाही.

म्हणून तुलाच विचारते, बागेत तू नेमकं काय करायचीस? शेती केली हे सोडून सांग. रोज उठून काय करायचीस?

मृगबाग_यावल:

मॅडम खूप धन्यवाद, इतकं कोणी सांगितलंच नव्हतं.

रोजचं म्हणजे, हरण्या आला तेव्हा सुरुवातीला आम्हाला कळेचना किती झाडं गेली. मजूर म्हणायचे शंभर, काका म्हणायचे निम्मी बाग गेली. मग मी ओळीच्या तोंडाशी बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि लाल ऑइलपेंटने नंबर टाकले, 1 ते 64. रोज सकाळी ऊन चढायच्या आत चार-पाच ओळी फिरायचे, पोंग्याजवळचं, म्हणजे नव्या पानाच्या सुरळीजवळचं पान बघायचं, पिवळे पट्टे दिसले की वहीत ओळ नंबर, झाड नंबर, तारीख. ते खोड त्याच दिवशी उपटून बांधाबाहेर खड्ड्यात पुरायचं, कारण मावा ही कीड दुसऱ्या झाडावर नेते तो रोग. एकूण 812 खोड काढली पहिल्या वर्षी. वहीवरून मला असं दिसलं की पहिल्या 12 ओळींत सगळ्यात जास्त गेली, आणि त्या बाजूला शेजाऱ्यांची काकडी होती. काकडी, मिरची यांच्यावर पण तोच व्हायरस जगतो हे कॉलेजात वाचलेलं होतं. पुढच्या लागवडीला पप्पांनी त्यांच्याशी बोलून ती बाजू रिकामी ठेवून घेतली.

फवारणीचं पण त्याच वहीत. औषध कुठलं, पंपाला किती मिली, किती पंप बसले, कोणी मारलं, काढणीच्या किती दिवस आधी बंद केलं. एक्सपोर्टवाले व्यापारी बघायला येतात ते हे विचारतात, त्यांना वही दाखवायचे. ड्रिपने खत सोडायचं टाइमटेबल पण आहे. फुलस्केपची 200 पानी वही, दुसरी अर्धी झालीय.

पण ही काय लॅब नाही ना मॅडम.

साक्रीरोड_धुळे:

ताई, हाई वहीच तुनं कव्हर लेटर शे! मराठीत सांगतो, बाकीच्यांना कळायला हवं. मी डिप्लोमा मेकॅनिकल, धुळ्याचा, आता पुण्याला मेंटेनन्समध्ये आहे. पास झाल्यावर वर्षभर मामाच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करत होतो आणि तुझ्यासारखंच मला वाटायचं की हे सांगण्यासारखं काम नाही, गावातलं दुकान, ना पगारपत्रक ना काही. मित्राने जबरदस्तीने लेटरमध्ये लिहायला लावलं की 3 एचपी ते 10 एचपीच्या मोटारी उघडून, जळालेली कॉइल काढून, नवीन भरून, मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, चेक करून दिल्या. इंटरव्ह्यूला त्या साहेबांनी डिग्री-बिग्रीचं काही विचारलंच नाही, वीस मिनिटं मोटारवरच बोलत होते, बेअरिंग गेली हे आवाजावरून कसं ओळखतो, एक फेज गेला तर काय होतं. सगळं येत होतं कारण सगळं केलेलं होतं. सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही.

नंदुरबारची_मिरची:

मध्येच विचारतोय पण माझा पण हाच विषय आहे. एआयला सांगून लिहून घेतलं तर चालतं का? मी बीकॉम, अकाउंटसाठी टाकतोय, इंग्लिश कच्चं आहे. आणि प्रत्येक कंपनीला नवीन लिहायचं म्हटलं तर दिवसाला दोनच अर्ज होतात.

अमळनेर_मास्तर:

मी केमिस्ट्री शिकवायचो, आता निवृत्त आहे, विद्यार्थ्यांचे अर्ज तपासण्यात बरीच वर्षं गेली म्हणून लिहितो.

मिरची बेटा, व्याकरण तपासायला ते यंत्र जरूर वापर, स्पेलिंग सुधारून घे, त्यात काही वाईट नाही. पण मजकूर तुझा हवा. तू केलेली कामं त्याला माहीतच नाहीत, तर ते लिहिणार काय? ते "डायनॅमिक" आणि "पॅशनेट" लिहिणार, आणि इंटरव्ह्यूला बसल्यावर तोच शब्द तुला समजावून सांगता येणार नाही. आधी मराठीत चार वाक्यं लिही, दुकानदाराचं जीएसटीचं काम केलंय का, टॅलीत किती महिन्यांच्या एन्ट्री मारल्यास, मग त्याचं इंग्लिश कर. आणि रोज दोनच अर्ज होतात तर दोनच कर. सुरुवात आणि शेवट तोच ठेवला तरी चालतो, मधला परिच्छेद त्या जाहिरातीकडे बघून बदलायचा.

आता यावलच्या मुली, तू मसुदा टाक इथे. मराठीतच टाक, आपण आधी मजकूर नीट करू.

मृगबाग_यावल:

सर, रात्री बसून लिहिलं. इंग्लिशमध्येच पाठवणार आहे, इथे मराठीत टाकते.

"आदरणीय सर/मॅडम, आपल्या जाहिरातीच्या संदर्भात मी क्वालिटी असिस्टंट या पदासाठी अर्ज करत आहे. मी एका गरीब शेतकरी कुटुंबातून आलेली असून माझ्या वडिलांच्या गंभीर आजारपणामुळे व शेतीवर आलेल्या संकटामुळे दुर्दैवाने मला अडीच वर्षे घरी राहावे लागले. या काळात मी शेतीची सर्व कामे केली व नोंदी ठेवल्या. मला लॅबमधील सर्व टेस्ट, हॅसप आणि आयएसओ 22000 या अन्नसुरक्षा पद्धतींची माहिती आहे. मी मेहनती व प्रामाणिक आहे. कृपया मला एक संधी द्यावी, मी आपली आयुष्यभर ऋणी राहीन."

एमआयडीसी_एचआर:

राग मानू नकोस, पण काल रात्री इथे जे लिहिलंस ते याच्यापेक्षा शंभर पटीने चांगलं होतं. खुंट्या गेल्या, 64 ओळी गेल्या, 812 गेले, काकडी गेली. राहिलं काय तर "शेतीची सर्व कामे केली".

"गरीब", "दुर्दैवाने", "ऋणी" हे तिन्ही काढ. तू दया मागत नाहीयेस, तू काम मागतेयस, आणि त्यांना पण काम करणारं माणूस हवंय म्हणून तर जाहिरात दिलीय. "घरी राहावे लागले" हे तर चूकच आहे, घरी कुठे होतीस, बागेत होतीस.

"सर्व टेस्ट" असं कधीच लिहायचं नाही. कॉलेजात हाताने केलेल्या लिही. टोटल प्लेट काउंट, म्हणजे एकूण जिवाणूंची मोजणी, केलीय का? यीस्ट मोल्ड? कोलीफॉर्म जिवाणूंच्या अंदाजे संख्येची एमपीएन टेस्ट? जे केलं ते नावानिशी. हॅसप आणि आयएसओचं मात्र खरं सांग, काम केलंय का नुसतं वाचलंय?

मृगबाग_यावल:

राग कसला मॅडम. वाचलंय फक्त, तिसऱ्या वर्षाला युनिट होतं. टीपीसी, यीस्ट मोल्ड आणि एमपीएन तिन्ही केलेत, दुधाच्या आणि पाण्याच्या सॅम्पलवर. वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावायचे, जंतू वाढवायचा मीडिया मीच बनवायचे आमच्या बॅचचा.

अमळनेर_मास्तर:

मग हॅसप "अभ्यासक्रमात शिकले" एवढंच लिही, ते खरं आहे आणि पुरेसं आहे. ऑटोक्लेव्हचं लिहिलंस तर 121 डिग्री, 15 पौंड, किती मिनिटं, आणि तेवढीच का, हे तोंडावर ठेव, विचारतीलच. केळीच्या प्युरीचं पण थोडं वाचून जा, प्युरी काळी का पडते आणि पीएच 4.6 च्या खाली का ठेवतात. ज्या मुलीने फळ बागेत पाहिलंय आणि पेट्रीप्लेटवर बुरशी पण पाहिलीय तिला हे समजायला वेळ लागणार नाही.

दुसरं, विद्यापीठाचं नाव पूर्ण लिही, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. आपण नुसतं उमवि म्हणतो, पण मेल वाचणारे साहेब बाहेरचे असतील तर त्यांना कळणार नाही. 2018 च्या आधी पास झालेल्यांनी मार्कशीटवर जे जुनं नाव आहे तेच लिहावं, नाहीतर कागद तपासताना उगीच प्रश्न येतो.

भुसावळ_जंक्शन:

मी वर जे बोललो गॅप लपव म्हणून ते मागे घेतो. वहीचं वाचून मला पण पटलं. ताई, बिनधास्त लिही.

मृगबाग_यावल:

परत लिहिलं. बघा बरं आता.

"महोदय/महोदया, क्वालिटी असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. तुमच्या जाहिरातीत नोंदी ठेवण्याचा उल्लेख आहे, मी मागची अडीच वर्षे ते काम रोज केले आहे.

2022 मध्ये बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झाल्यावर वडिलांच्या ऑपरेशनमुळे मी आमची चार एकर केळीची बाग सांभाळली. त्या वर्षी बागेत सीएमव्ही आला. मी 64 ओळींना नंबर देऊन प्रत्येक बाधित झाडाची ओळ, क्रमांक आणि तारीख लिहिली, 812 झाडे काढून पुरली. नोंदीवरून प्रादुर्भाव शेजारच्या काकडीच्या बाजूने जास्त आहे हे लक्षात आले आणि पुढच्या लागवडीत ती बाजू रिकामी ठेवली. फवारणीचे औषध, प्रमाण, मारणाऱ्याचे नाव आणि काढणीपूर्वीचे दिवस यांची नोंद माझ्याकडे आहे, व्यापारी खरेदीआधी ती तपासत.

कॉलेजात दूध व पाण्याच्या नमुन्यांवर टोटल प्लेट काउंट, यीस्ट व मोल्ड आणि कोलीफॉर्मची एमपीएन या टेस्ट स्वतः केल्या, मीडिया तयार करणे व ऑटोक्लेव्ह वापरणे येते. हॅसप अभ्यासक्रमात शिकले आहे, प्रत्यक्ष काम तुमच्याकडे शिकायची तयारी आहे. बागेची जबाबदारी आता भावाकडे आहे, त्यामुळे मी लगेच रुजू होऊ शकते आणि शिफ्टमध्ये काम करू शकते."

साक्रीरोड_धुळे:

भारी झालं ताई. एका पानात बसतंय, उगीच वाढवू नको आता.

एमआयडीसी_एचआर:

आता कसं बोललीस. "तुमच्या जाहिरातीत" पासूनची ओळ मला बसमध्ये फोनवर दिसली असती तर मी मेल ठेवून घेतला असता. पहिलं वाक्य पण उडव, पदाचं नाव सब्जेक्टमध्ये टाकायचंच आहे. भावाकडे बाग दिलीय हे लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण पहिली शंका तीच येते की हंगामात ही मुलगी सुट्टी मागेल.

पाठवताना हे लेटर मेलच्या आतच पेस्ट कर, वेगळी फाइल करून जोडू नको, दोन-दोन फाइल कोणी उघडत नाही. रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलचं नाव तुझं नाव आणि पद, "न्यू रेझ्युमे फायनल 2" असलं नको. खाली मोबाइल नंबर टाक आणि तो चालू ठेव, बागेत रेंज नसते तर भावाचा पण दे. आणि कोणाला मेल जातोय ते नाव जाहिरातीत असेल तर सर/मॅडम न लिहिता नावाने लिही, स्पेलिंग दोनदा बघून.

नंदुरबारची_मिरची:

मॅडम, लेटर मराठीत पाठवलं तर चालतं का? मला इंग्लिशमध्ये इतकं लिहिता येणारच नाही.

एमआयडीसी_एचआर:

जाहिरात मराठीत असेल तर मराठीत पाठव, छान वाटतं वाचायला. जाहिरात इंग्लिश असेल तर साधं सोपं इंग्लिश, छोटी वाक्यं. अकाउंटच्या जागेला इंग्लिशच्या चुकांपेक्षा आकड्यातली चूक जास्त नडते, तर तुझ्या लेटरमध्ये तारीख आणि टक्के रेझ्युमेशी जुळतात का ते बघ.

मृगबाग_यावल:

पाठवलं! आज दुपारी. मराठीत आपण जे ठरवलं तेच इंग्लिशमध्ये केलं, चुलतबहिणीने ग्रामर बघून दिलं. सब्जेक्टमध्ये पद आणि माझं नाव टाकलं. मास्तर सर, प्युरी काळी पडण्याचं पण वाचलं, एन्झाइममुळे होतं, घरी चिरलेलं केळं ठेवून लिंबू लावून आणि न लावता बघितलं.

एक विचारायचं होतं, बोलावलं तर वही न्यायची का? फार खराब झालीय ती, पानांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, पावसात भिजलेली पण आहे. नवीन वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढू का? शनिवार-रविवार आहे, होऊन जाईल.

एमआयडीसी_एचआर:

अजिबात उतरवू नकोस! आहे तीच वही ने. लॅबमध्ये पहिला नियम हाच असतो, जिथे पहिल्यांदा लिहिलं तीच खरी नोंद, नंतर छान उतरवलेल्या कागदाला किंमत नसते. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही. तुझ्या वहीत खाडाखोड कशी आहे?

मृगबाग_यावल:

एक रेघ मारून बाजूला लिहिलंय, कारण आकडा परत लागायचा म्हणून. सही नाहीये. एक पान फाटलंय मधलं, ओळ 31 ते 35 चं, त्याला चिकटपट्टी लावू का?

अमळनेर_मास्तर:

लाव, पारदर्शक लाव, आकडे झाकू देऊ नकोस. आणि सह्या आता मागाहून करत बसू नकोस, नव्हत्या तर नव्हत्या, विचारलं तर तसंच सांग.